चाळीस मार्कांचं देणं

वसुलीसाठी एखाद्या थकबाकीदाराच्या घरी गेलं, की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग चहा येतो आणि चहाच्या मागोमाग कारणं येतात. म्हैस मेली, पाऊस लांबला, मुलीचं लग्न निघालं. बँकेतल्या चौतीस वर्षांत ही कारणं मी इतकी ऐकली, की पुढे कादंबऱ्या लिहायला बसलो तेव्हा पात्रांच्या तोंडचे संवाद शोधायला लांब जावं लागलं नाही. पण तो चहा घेताना मला दरवेळी थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं. कारण माझ्या स्वतःच्या नावावरही एक कर्ज थकलेलं होतं. आजही आहे. रक्कम : चाळीस मार्क. तारीख : फेब्रुवारी १९८५. ठिकाण : जर्मनीतल्या एका डोंगराचा बर्फाळ उतार. तारण : आईनं विणलेली लोकरी हातमोज्यांची एक जोडी.

निवृत्त माणसानं आपली येणी-देणी एकदा स्वच्छ लिहून काढावीत म्हणतात. त्यातलं हे सगळ्यात जुनं.

आमचं घर साताऱ्याचं. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. मी पुण्यात बी. कॉम. करता करता संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला जायचो. जर्मन शिकण्यामागे गटे-शिलरची ओढ वगैरे काही नव्हती. भाषा आली तर नोकरी लवकर लागेल, एवढाच हिशेब होता. पण भाषेची गोडी लागली, परीक्षा बरी गेली, आणि १९८४ साली वर्षभरासाठी शिष्यवृत्ती मिळून मी पश्चिम जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या विद्यापीठात दाखल झालो. वय तेवीस. विद्यापीठाची स्थापना १४५७ सालची. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही पावणेदोनशे वर्षं आधीची. पहिल्या दिवशी त्या इमारतीसमोर उभा राहिलो तेव्हा खिशात मोजके मार्क आणि डोक्यात चारचा पाढा होता.

चारचा पाढा अशासाठी, की एका मार्काला तेव्हा जवळपास चार रुपये पडत. त्यामुळे मी काही विकत घ्यायचो म्हणजे आधी मनात चारनं गुणायचो आणि बहुतेक वेळा ती वस्तू परत ठेवायचो. धाकट्या बहिणीचं लग्न पुढच्या दिवाळीनंतर करायचं घाटत होतं. वडिलांनी पैसे मागितले नव्हते. पण दर पत्राच्या शेवटी ते 'काळजी नसावी' असं लिहीत, आणि आमच्या घरात त्या दोन शब्दांचा अर्थ नेमका उलटा होत असे. म्हणून शिष्यवृत्तीतून दरमहा काहीतरी मागे टाकायचं, हा माझा नेम होता. तो मी कोणालाही सांगितला नव्हता. गरिबी सांगायची नसते, हे आम्हांला शाळेत न शिकवताही पाठ होतं.

वसतिगृहात आमच्या मजल्याला एकच स्वयंपाकघर होतं. त्या स्वयंपाकघरात आम्ही सहा जण रोज रात्री भेटायचो. मी, एक जपानी मुलगी, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा एक उंचच उंच मुलगा, घानाचा एक कायद्याचा विद्यार्थी, सिसिलीचा एक इटालियन आणि युगोस्लाव्हियाचा एक अभियंता. आपल्याकडे वर्तमानपत्रांत तेव्हा 'साराजेवो' छापत. तो मात्र 'सारायेवो' म्हणायचा आणि म्हणताना छाती किंचित पुढे काढायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

३१ ऑक्टोबर १९८४ ला मी खोलीत एकटाच रेडिओ लावून बसलो होतो. इंदिरा गांधी गेल्याची बातमी पुन्हा पुन्हा सांगत होते. दार वाजलं. सारायेवोवाला लांब दांड्याच्या तांब्याच्या छोट्या भांड्यात दाट काळी कॉफी घेऊन उभा होता. आत आला, खुर्चीवर बसला. सांत्वनाचं एक वाक्य बोलला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "१९८० साली टिटो गेले तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या घरात कोणीतरी येऊन असं बसायला हवं होतं, असं मला वाटलं होतं." नेहरू, नासर, टिटो ही तीन नावं आम्ही दोघांनीही पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचलेली. अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीनं जगाचं काय भलं केलं त्याचा निवाडा इतिहासकार करोत; त्या रात्री तिच्यामुळे माझ्या खोलीत कॉफी आली, एवढं मी सांगू शकतो.

महिन्याभरात भोपाळ झालं. त्या हिवाळ्यात भारताचं नाव ऐकलं, की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याचं अगदी उलट होतं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच्या गावात हिवाळी ऑलिंपिक पार पडलं होतं. गावात कोणी परका आला नाही असा दिवस नव्हता, असं तो सांगायचा. हा स्वतः स्वयंसेवक म्हणून ब्येलाश्नित्सा डोंगरावर फावड्यानं बर्फ सारखा करत होता. आधी बर्फच पडेना म्हणून सगळे हवालदिल, आणि मग इतका पडला की पुरुषांची मुख्य शर्यत पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. त्याच डोंगरावर युरे फ्रान्कोनं रौप्यपदक जिंकलं. युगोस्लाव्हियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं ते पहिलंच पदक. हे सांगताना तो दरवेळी खुर्चीवरून उठून उभा राहायचा.

जानेवारी १९८५ मध्ये सगळा युरोप गारठला. नाकातल्या नाकात श्वास गोठल्यासारखा वाटे. आणि त्याच सुमारास सूचनाफलकावर कागद लागला : परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची स्की-सहल, ठिकाण फेल्डबेर्ग, शुल्क अगदी माफक. बर्फ मी तोवर हिंदी चित्रपटांत पाहिला होता, तिथे नायिका त्यात शिफॉनची साडी नेसून गाते. मी आणि घानावाला, आम्ही दोघांनी लगेच नावं दिली. इटालियन म्हणाला, "आमच्या एटना ज्वालामुखीवरसुद्धा बर्फ पडतो, मला काय सांगता!" पण त्यानंही नाव दिलं.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. पुढे आयुष्यभर लोकांना 'सही करण्यापूर्वी बारीक अक्षरं वाचा' असं सांगणाऱ्या माणसानं ती वाचली नव्हती.

फ्रायबुर्ग समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरवर आहे आणि फेल्डबेर्गचा माथा १४९३ मीटरवर. आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटर कमी. हा सगळा प्रदेश श्वार्त्सवाल्डचा, म्हणजे ज्याच्या नावाचा केक आज आपल्या गल्लोगल्ली मिळतो त्या ब्लॅक फॉरेस्टचा. गाडी गावाबाहेर पडली की थोड्या वेळानं एक स्टेशन लागतं, त्याचं नाव 'हिमेलराइश', म्हणजे स्वर्गाचं राज्य. आणि त्याच्या लगेच पुढे गाडी ज्या अरुंद दरीत शिरते तिचं नाव 'ह्योलेनटाल', म्हणजे नरकाची दरी. स्वर्ग आधी आणि नरक नंतर, हा क्रम मला तेव्हा गमतीचा वाटला होता.

कडे इतके जवळ आले, की खिडकीतून हात काढला तर लागतील. पाइनची झाडं बर्फानं वाकलेली. टिटिझे गेलं, आणि मग बेअरेनटाल. ९६७ मीटरवरचं हे स्टेशन त्यांच्या रेल्वेच्या नेहमीच्या रुंदीच्या मार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन. तिथून बस. बसमधून उतरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती थंडी नव्हे, शांतता. कास पठारावर भर पावसाळ्यात धुकं उतरलं की जशी शांतता होते तशी, पण लख्ख उजेडातली.

आणि मग ती बारीक अक्षरातली ओळ समोर उभी राहिली. स्कीच्या पट्ट्या, बूट, काठ्या भाड्यानं घ्यायच्या होत्या. लिफ्टचे पैसे निराळे. दोन दिवसांचे मिळून चाळीस मार्क. म्हणजे एकशेसाठ रुपये. म्हणजे लग्नातल्या एका पंगतीचं तांदूळ-तूप. दुकानाच्या दारात रांगेत उभा राहून मी चारचा पाढा म्हटला आणि रांगेतून बाहेर आलो. म्हणालो, "माझा गुडघा दुखतोय. तुम्ही जा, मी इथे कॉफी पीत बसतो." कॉफीसुद्धा मी पिणार नव्हतो.

सारायेवोवाल्यानं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. कोणता गुडघा, असं त्यानं विचारलं. मी उजवा म्हणालो आणि हात डाव्या गुडघ्यावर ठेवला. तो हसला नाही. दुकानात गेला आणि दोन जोड्या घेऊन बाहेर आला.

"हे कर्ज आहे," तो म्हणाला, "भेट नाही. म्हणजे तुला लाज वाटायचं कारण नाही."

"मी पुढच्या महिन्यात फेडीन," मी म्हणालो.

"पुढच्या महिन्यात नको. सारायेवोला येऊन फेड. ब्येलाश्नित्सावर, हातात."

मग त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. निघताना आईनं विणून दिलेले, मरून रंगाचे लोकरी हातमोजे. साताऱ्याच्या थंडीला पुरेसे. इथे दहा मिनिटांत भिजून लाकडासारखे झाले असते. त्यानं आपले चामड्याचे हातमोजे काढून मला दिले आणि माझे स्वतःच्या हातात चढवले. "हे तारण," तो म्हणाला. त्यानं वापरलेला जर्मन शब्द मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वाणिज्य-पत्रव्यवहाराच्या धड्यात पाठ केला होता. माणसाच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकला.

स्की म्हणजे मुळात नॉर्वेकडच्या भाषेतली चिरलेली फळी. उत्तरेकडचे लोक हजारो वर्षं तिच्यावरून शिकारीला आणि शेजारी जात आले. तिचा खेळ झाला तो अगदी अलीकडे. १८८८ साली नान्सेन नावाच्या नॉर्वेजियन तरुणानं पायांना स्की बांधून ग्रीनलंड आडवं पार केलं, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि मध्य युरोपातल्या डोंगराळ गावांना वेड लागलं. १८९१ च्या हिवाळ्यात एक फ्रेंच गृहस्थ याच फेल्डबेर्गवर स्की घालून चढले, आणि त्याच वर्षी पायथ्याच्या टोटनाऊ गावात स्की-क्लब निघाला. त्या काळी वर चढायचं ते पायांनीच. १९०८ साली जवळच्याच शोलाखमध्ये विंटरहाल्डर नावाच्या एका खानावळवाल्या शेतकऱ्यानं आपली पाणचक्की दोराला जोडून पाहुण्यांना वर ओढायची सोय केली. जगातली पहिली स्की-लिफ्ट म्हणून तिचं नाव घेतात. खानावळवाल्याचीच अक्कल ती; दमलेला पाहुणा जेवतो कमी.

आम्हांला शिकवायला एक मध्यमवयीन, तांबड्या गालांचे शिक्षक होते. पहिला तासभर त्यांनी आम्हांला फक्त पडायला शिकवलं. पुढे पडू नका, मागेही पडू नका. बाजूला, डोंगराच्या अंगाला पडा. पडताना काठ्या सोडा. पडल्यावर लगेच धडपडू नका. आधी पट्ट्या उताराला आडव्या करा, मग उठा. उभ्या पट्ट्यांवर उठायला गेलात तर उठता उठताच घसरायला लागाल. घानावाला म्हणाला, "कायद्याच्या पहिल्या वर्षाला आम्हांला हेच शिकवतात."

मग नांगर. पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली, पायांचे घोटे आत दाबलेले. पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. जर्मन भाषेत त्याला बर्फाचा नांगरच म्हणतात. शेतकऱ्याच्या नातवाला हे जमायला हरकत नव्हती. पण माझा नांगर सरळ चालेना. सारायेवोवाला माझ्यापुढे दहा हातांवर, तोंड माझ्याकडे करून, उलटा घसरत जायचा आणि म्हणायचा, "पायांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ." त्याच्याकडे बघत राहिलो की दोनचार वळणं जमत. पायांकडे बघितलं की संपलं.

खरी फजिती लिफ्टनं केली. दोराला टांगलेला उलट्या टी अक्षरासारखा आकडा येतो, दोघांनी तो मागे टेकवायचा आणि उभ्या उभ्या वर जायचं. त्यावर बसायचं नसतं. मी बसलो. झोपाळा दिसला की बसायचं, हेच आपल्याला ठाऊक. आकडा खाली गेला, मी खाली गेलो आणि माझ्याबरोबरची जपानी मुलगीही खाली गेली. मागून येणारी दोन जोडपी आमच्यावर आदळली आणि वर बसलेल्या माणसानं लिफ्ट थांबवली. सगळा डोंगर आमच्याकडे बघत होता. ती उठली, अंगावरचा बर्फ झटकून तिनं मलाच वाकून नमस्कार केला, आणि मग ती इतकी हसली, की पुन्हा पडली.

रात्री युवक-वसतिगृहाच्या हॉलमध्ये ओले मोजे वाळत टाकून आम्ही बसलो. प्रत्येकानं आपापल्या बर्फाची गोष्ट सांगितली. मिनेसोटावाल्याच्या गावी तळी इतकी गोठतात, की लोक त्यांवर मोटारी नेतात. जपानी मुलीनं सांगितलं, की त्यांना स्की शिकवली ती फोन लेर्ख नावाच्या एका ऑस्ट्रियन मेजरनं, जानेवारी १९११ मध्ये, ताकादा इथल्या सैनिकांना. तो एकच लांब काठी वापरायचा, म्हणून जपानमध्ये कित्येक वर्षं एकाच काठीची पद्धत चालली. एक माणूस एखाद्या गावी जातो, काही शिकवतो आणि निघून जातो. गाव ते धरून राहतं.

सारायेवोवाल्याची पाळी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदमच "ब्येलाश्नित्सा!" असा गजर केला. त्यानं तरीही सगळं पुन्हा सांगितलं. झेत्रा नावाच्या नव्या सभागृहात १४ फेब्रुवारीला इंग्लंडची जोडी बर्फावर नाचली आणि सगळ्या परीक्षकांनी कलात्मकतेसाठी सहापैकी सहा गुण दिले, तेव्हा हा दाराशी उभा होता. गावाच्या डोक्यावरच्या त्रेबेविच डोंगरावर बॉबस्लेची सिमेंटची नळी कशी नागमोडी उतरते, ते त्यानं टेबलावर बोटानं काढून दाखवलं. सर्ब, क्रोएट, मुसलमान हे शब्द त्या रात्री कोणाच्याही तोंडी आले नाहीत. तो त्यांतला कोण होता हे मी कधी विचारलं नाही, आणि नावावरून ओळखण्याइतकी माझी समज नव्हती. कोणी विचारलं तर तो 'युगोस्लाव्ह' म्हणायचा, आणि गावाचं नाव सांगायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो सोपा उतार न पडता उतरलो. फार तर तीनशे मीटर. वाऱ्याचा आवाज कानांत, डोळ्यांतून पाणी, आणि समोर मरून हातमोज्यांतले दोन हात वर केलेले. आयुष्यात पुढे बढत्या मिळाल्या, पुस्तकं निघाली; पण इतकं निर्भेळ मला क्वचितच काही वाटलं असेल.

जून अखेर तो परत गेला. मी चाळीस मार्क पाकिटात घालून स्टेशनवर गेलो होतो. त्यानं पाकीट माझ्या खिशात परत कोंबलं. "तारण माझ्याकडे आहे," म्हणाला.

मी परत आलो. बहिणीचं लग्न झालं. १९८७ मध्ये बँकेत लागलो, आणि काही वर्षांत माझी नेमणूक परकीय चलनाच्या विभागात झाली. फेराचा काळ तो. एक डॉलर बाहेर जायचा तरी कारण, कागद आणि शिक्का लागे. अर्जात 'मित्राचं उसनं' असा रकाना नव्हता. मीच लोकांचे अर्ज नाकारायचो, मग स्वतःचा कसा करणार! पत्रं मात्र चालू होती. वर्षाला दोन, नाहीतर एक. तो विचारायचा, गुडघा कसा आहे? मी विचारायचो, तारण सांभाळलंस ना?

मग १९९१ साल आलं. जूनच्या २५ तारखेला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. जुलैच्या २४ तारखेला डॉ. मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. आमचे दरवाजे उघडायला आणि त्यांचे बंद व्हायला एकच महिना पुरला. १९९२ च्या नववर्षाचं त्याचं कार्ड आलं : यंदा बर्फ चांगला आहे, ये. एप्रिलमध्ये सारायेवोला वेढा पडला.

तो वेढा १४२५ दिवस चालला. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६. त्रेबेविचवरच्या त्या बॉबस्लेच्या नळीच्या आडून खालच्या गावावर तोफा डागल्या जात होत्या. झेत्राची पडझड झाली आणि तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत कबरी खणल्या गेल्या. हिवाळ्यात गॅस नाही, वीज नाही. लोकांनी रस्त्यावरची झाडं तोडली, मग घरातलं सामान जाळलं. मी टीव्हीवर हे बघायचो आणि गर्दीत ओळखीचा चेहरा शोधायचो. कधीकधी चेहऱ्याऐवजी हात बघायचो. मरून रंगाचे हातमोजे कुठे दिसतात का, म्हणून.

१९९३ च्या दिवाळीनंतर मी पत्र टाकलं. दोन महिन्यांनी ते परत आलं. टपालसेवा बंद असल्याचा शेरा होता. आता जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला. ते पाकीट हातात आलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी, क्षणभर, हायसं वाटलं. आपण प्रयत्न केला. आता आपल्या हातात काही नाही. पाकीट मी कपाटात ठेवलं. पुढच्या वर्षी बढतीवर विदर्भात बदली झाली. युद्ध संपलं, टपाल सुरू झालं असेल; मी दुसरं पत्र टाकलं नाही. तो आहे की नाही, हे कळण्याची मला भीती वाटत होती. माझ्या खोलीत येऊन जो न बोलता बसला होता, त्याच्या दाराशी जाण्याची वेळ आली तेव्हा मी पुन्हा गुडघा दुखतो म्हणालो.

६ एप्रिल २०१२ रोजी सारायेवोच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. वेढ्यात गेलेल्या प्रत्येकामागे एक, रिकामी. लहान मुलांसाठी छोट्या खुर्च्या. ते छायाचित्र पाहून मी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. २०१८ साली त्रेबेविचवर जाणारी, युद्धात उद्ध्वस्त झालेली दोरवाट पुन्हा सुरू झाल्याचं वाचलं, तेही कात्रण ठेवलं. कात्रणं ठेवणं सोपं असतं.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा, त्या बहिणीचा मुलगा, फेल्डबेर्गला गेला होता. तो तिकडे शिकतो. आता जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या मुलांची आहे. मार्कालाच काय, युरोलाही ती मनात गुणत बसत नाहीत. त्यानं फोटो पाठवले. हिरव्या-करड्या उतारावर यंत्रानं बनवलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा होता. बहिणीला ते फोटो दाखवताना मी पहिल्यांदाच तिला चाळीस मार्कांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, म्हणजे माझ्या लग्नातली एक पंगत त्यानं वाढली. आणि तू त्याला विचारलंही नाहीस, तू जेवलास का म्हणून?"

भाच्यानं इंटरनेटवर शोध घेतला. त्या नावाची सहा-सात माणसं निघाली. एक स्वीडनमध्ये आहे, दोघं अमेरिकेत, एक सारायेवोतच. वेढ्यातून निघालेले लोक असेच जगभर पांगले. सगळ्यांना लिहायचं ठरलं आहे. पत्राचा मजकूर तयार आहे. त्याला ओळखू येईल अशी एकच ओळ त्यात आहे, गुडघ्याची. नाव इथे लिहिलं नाही ते यासाठी, की त्याची गोष्ट काय झाली हे ठाऊक नसताना त्याचं नाव छापायचा हक्क मला नाही.

राहिला हिशेब. जर्मन मार्क आता नाही. २००२ साली त्याच्या जागी युरोची नाणी-नोटा आल्या. ठरलेल्या दरानं चाळीस मार्कांचे वीस युरो पंचेचाळीस सेंट होतात. पण बोस्नियानं युद्धानंतर, १९९८ साली, स्वतःचं चलन काढलं तेव्हा ते जर्मन मार्काला एकास एक असं बांधलं आणि त्याचं नावही मार्कच ठेवलं. जर्मनीतून मार्क गेला; सारायेवोत तो अजून चालतो. त्यामुळे माझं देणं जिथे फेडायचं ठरलं होतं, तिथे ते आजही बरोबर चाळीस मार्कच आहे.

कायद्यानं ते केव्हाच मुदतबाह्य झालं. आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे असं कर्ज तीन वर्षांत मागावं लागतं. पण १८७२ च्या करार कायद्यात, पंचविसाव्या कलमात, एक पोटकलम आहे. वसुली अधिकाऱ्यांना ते तोंडपाठ असतं. मुदत संपलेलं कर्ज फेडण्याचं वचन ऋणकोनं लेखी दिलं आणि त्याखाली सही केली, तर ते कर्ज पुन्हा जिवंत होतं.

मी चाळीस मार्क देणं लागतो. ते मी सारायेवोला जाऊन, तो असेल तर त्याच्या हातात, नसेल तर त्याच्या माणसांच्या हातात देईन. तारण परत मागणार नाही.

लेखाखाली माझं नाव आहे. तीच सही समजावी.